चहा संपेपर्यंत

मिस्त्रीने खुर्ची उलटी करून तिचे पाचही पाय छताकडे केले आणि मधोमध, जिथे ते पाय एकत्र येतात तिथे, हातोडा हाणला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला आवाज बदलला. तिसऱ्याला पायांचा सांगाडा सैल होऊन हातात आला आणि भोवती जमलेल्या मंडळींनी, आपलीच दाढ निघाल्यासारखा, सुस्कारा सोडला.

"एवढं हाणावं लागतं?" नकाशेवाल्याने विचारलं. कचेरीत नकाशे काढायचा तो, आणि खुर्ची त्याचीच होती.

"आत गच्च रुतलेलं असतं. वर्षानुवर्षं माणसाच्या वजनाने. गोडीगुलाबीने निघत नाही."

"आणि नवं बसवताना?"

"नवं बसवताना हातोडा लागत नाही. पुसून कोरडं करायचं, ठेवायचं आणि वर बसायचं. आपल्याच वजनाने ते घट्ट होतं."

"म्हणजे लग्नासारखंच," नकाशेवाला म्हणाला आणि सगळे हसले. मिस्त्रीची बायकोही हसली. ती पलीकडे आपल्या टेबलाशी उभी होती. नवऱ्याचं काम चारचौघांत चाललेलं असताना मधे लुडबुडू नये, एवढं तारतम्य तिला होतं, पण हसायला तिने काही कमी केलं नाही.

मिस्त्रीने पाइप पाना लावून बैठकीखालचं जुनं नळकांडं पिळून काढलं. बाजारात याला हायड्रॉलिक म्हणतात. नाव भारी, पण आत असतो दाबून कोंडलेला गॅस. त्याच्या जोरावर माणूस वर राहतो. आतलं सील झिजलं की गॅस हळूहळू जागा सोडतो आणि माणूस खाली खाली जातो. खटका ओढून पुन्हा वर यायचं आणि पुन्हा खाली जायचं. या कचेरीतल्या बहुतेक खुर्च्यांचं हेच झालं होतं. नकाशे काढणारी मंडळी सकाळी टेबलाच्या वर असायची आणि दुपारपर्यंत हनुवटी टेबलाला लागायची.

काम मिळालं ते बायकोमुळे. ती इथे नकाशांवरची नावं तपासायची. कचेरीच्या मोठ्या बाईंनी नव्या खुर्च्यांचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली होती, खुर्च्या चांगल्या आहेत, नुसतं हायड्रॉलिक गेलंय, माझा माणूस बसवून देईल आणि त्याने बसवलेलं खाली जात नाही, ही माझी हमी. मोठ्या बाईंनी आधी हा एवढाच कोपरा करून बघू म्हटलं. हे टिकलं तर वरचे दोन मजले मिस्त्रीचे. वर्षभर इथे तिथे एकेक खुर्ची करत फिरणाऱ्या माणसाला दोन मजले म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. म्हणून तो आज धुतलेला शर्ट घालून आला होता.

नकाशेवाल्याला तो आज पहिल्यांदा बघत होता. नाव मात्र घरात रोज यायचं. नकाशेवाले म्हणाले, नदी नकाशावर नेहमी खऱ्यापेक्षा जाड दाखवतात. नकाशेवाल्यांना आज शिंका येत होत्या. नकाशेवाल्यांनी चहातली साखर सोडली, किती हलकं वाटतंय म्हणे. त्यानंतर आठ दिवसांत मिस्त्रीच्या बायकोनेही साखर सोडली. मिस्त्रीने इतकी वर्षं सांगून तिने रात्रीचा भात कमी केला नव्हता, आणि परक्याच्या एका शब्दावर साखर सोडली. तेव्हापासून घरातला चहा त्याला कडूच लागायचा, स्वतःच्या कपात दोन चमचे असूनही.

आता प्रत्यक्ष पाहिलं तर माणूस उंच होता, केस पिकू लागलेले, आवाज मोकळा. आखडूपणा औषधालाही नाही. मिस्त्रीला त्याचाच जास्त राग आला. निदान माजोरी तरी असायला हवा होता.

जेवणाची वेळ झाली तशी मंडळी पांगली. नकाशेवाल्याच्या खुर्चीत नवं हायड्रॉलिक बसवायचं तेवढं राहिलं होतं. मिस्त्री पिशवीत हात घालणार, तेवढ्यात खिडकीकडून हसू ऐकू आलं. त्याची बायको आणि नकाशेवाला एका मोठ्या कागदावर वाकून काहीतरी बघत होते. ती हसताना तोंडावर हात धरायची. पुढचा दात थोडा वाकडा होता, त्याची लाज. लग्नाच्या फोटोतही तिचा हात तोंडावर आहे. आत्ता तिचे दोन्ही हात कागदावर होते आणि दात उघडा होता.

मिस्त्रीच्या पिशवीत दोन हायड्रॉलिक होती. एक नवं कोरं. दुसरंही तसंच दिसणारं, पण त्याच्या गळ्याला सुतळी बांधलेली. ते नवीनच खराब निघालं होतं, परतीच्या वाटेवर दुकानदाराच्या तोंडावर मारायचं म्हणून त्याने बरोबर घेतलं होतं. खराब मालाला लगेच सुतळी बांधायची म्हणजे चांगल्यात मिसळत नाही, हा नियम बायकोचा. नोकरी लागायच्या आधी ती त्याच्या धंद्यात अर्धी भागीदार होती. दुरुस्त झालेली प्रत्येक खुर्ची तो स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून ठेवायचा, ती पाठीच्या वरच्या कडेशी खडूने भिंतीवर रेघ मारायची आणि बसून सावकाश एक कप चहा प्यायची. चहा संपेपर्यंत पाठ रेघेला धरून राहिली तर खुर्ची पास. रेघेच्या खाली उतरली तर हायड्रॉलिकला सुतळी. तिने पास केलेली खुर्ची कधी परत आली नाही. लोक म्हणायचे मिस्त्रीचा हात चांगला. अर्धा चांगुलपणा त्या चहाचा होता, हे मिस्त्रीला माहीत होतं. तो ते बोलायचा नाही, पण त्याला माहीत होतं.

खिडकीशी पुन्हा हसू झालं.

त्याने सुतळीची गाठ सोडली. नखाने सोडावी लागली, तिची गाठ घट्ट असायची. सुतळी शर्टाच्या खिशात कोंबली. खराब हायड्रॉलिक नीट पुसलं, कोरडं केलं, चांगल्याला करतात त्याहून काकणभर जास्तच, आणि नकाशेवाल्याच्या खुर्चीत बसवलं. दोन मजले त्याला त्या क्षणी आठवले नाहीत असं नाही. आठवले, आणि तरी त्याने बसवलं. मनात एकच चित्र होतं: तो उंच माणूस बोलता बोलता टेबलाखाली चाललाय आणि समोर मिस्त्रीची बायको वरून त्याच्याकडे बघतेय.

"झालं?" नकाशेवाला येऊन बसला, दोनदा वरखाली झाला. "वा, मिस्त्री. राजासारखं वाटतंय."

"बसा आरामात," मिस्त्री म्हणाला.

घरी आल्यावर बायकोने कपडे भिजत घातले आणि तो बाहेर अंगणात पाने-हातोडे पुसत बसला. रात्री जेवताना ती त्याच्या कामाचं कौतुक करत होती, मोठ्या बाई काय म्हणाल्या, कोण काय म्हणालं. नकाशेवाल्यांचं नाव आलं नाही. ते का आलं नाही, यावर मिस्त्रीने बराच विचार केला.

सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर उठली. थर्मास धुऊन तिने त्यात चहा भरला, चांगला काठोकाठ.

"आज थर्मास?"

"तिकडचा चहा पाणचट असतो."

"इतके दिवस तोच प्यायलीस ना?"

"म्हणून तर म्हणते," ती म्हणाली आणि चपला घालून निघालीसुद्धा. कचेरी उघडायला अजून बराच वेळ होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. मिस्त्री दारात उभा राहून तिच्या हातातला थर्मास कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिला. इतक्या सकाळी, रिकाम्या कचेरीत, काठोकाठ चहा. एकटी बाई किती पिणार? बिनसाखरेचा असेल. दोघांनाही चालणारा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, तसं त्याच्या छातीत काहीतरी दिवसभर जळत राहिलं आणि त्या दिवशी त्याने एका डॉक्टरच्या खुर्चीचे हात उलटे बसवले.

आता तो तक्रारीची वाट बघत होता. नकाशेवाला खाली जाणार, कुरकुरणार, मोठ्या बाई बोलावणार. आपण काय सांगायचं हेही त्याने ठरवून ठेवलं होतं: माणूस फार उंच असला की असं होतं. खोटं होतं, पण ठासून सांगितलं तर खपलं असतं. मग दुसऱ्या दिवशी वाटलं, बोलावणं आलं तर मजले गेले. तिची हमी गेली. चारचौघांत तिचं तोंड पडणार. हे त्याला आधीही कळत होतं, पण आता ते पुढ्यात येऊन उभं राहिलं.

बोलावणं आलंच नाही.

"खुर्च्या कशा आहेत?" त्याने तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी विचारलं. ती जमिनीवर उताणी पडली होती, पाठ टेकून, गुडघे वर. आल्या आल्या अशी पडायची तिला हल्ली सवय लागली होती.

"मस्त. सगळे खूश आहेत."

"आणि तुमचे नकाशेवाले?"

"ते तर फारच."

तिने छताकडे बघतच सांगितलं. हायड्रॉलिक माणसासारखं नसतं, स्वतःहून कधी बरं होत नाही. मग हा माणूस खाली जातोय आणि तरी खूश कसा? की खाली जाण्यातच त्याला काही सुख मिळतंय?

"पाठ दुखतेय का तुझी?"

"वय झालं," ती म्हणाली.

खाई त्याला खवखवे. आठवडा सरला तशी मिस्त्रीची झोप उडाली. शेवटी एका दुपारी त्याने पिशवी खांद्याला लावली, ते शिल्लक राहिलेलं नवं हायड्रॉलिक अजून तिच्यातच होतं, आणि हातोडा विसरल्याचं निमित्त करून तो कचेरीत गेला. हातोडा पिशवीतच होता.

दार काचेचं होतं. आत शिरायच्या आधी त्याला दोघं दिसली. नकाशेवाला ताठ बसला होता, चांगला उंच, टेबलावर कोपर टेकून काही समजावत होता. समोर त्याची बायको, मान वर करून त्याच्याकडे बघत होती. देवाच्या फोटोकडे बघतात तशी, वर. मिस्त्रीकडे तिने असं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण रचलेला डाव फुकट गेलाच, वर हा माणूस सिंहासनावर आणि आपली बायको त्याच्या पायाशी.

तो दार ढकलून सरळ आत गेला आणि टेबलापाशी पोचल्यावर थांबला.

तिने मान वर केली होती, कारण ती खाली होती. टेबलाची कड तिच्या छातीला लागत होती. ज्या खुर्चीत ती बसली होती तिच्या डाव्या हातावरचं रेक्झिन घड्याळाच्या पट्ट्याने घासून फाटलं होतं. ती फाटकी जागा त्याने त्या दिवशी, हायड्रॉलिक बसवताना, अगदी जवळून पाहिली होती. आणि नकाशेवाल्याच्या खुर्चीवर जी गादी होती तिला चौकोनी ठिगळ होतं. ते ठिगळ त्यांच्या घरच्या जुन्या पडद्याचं होतं.

"या मिस्त्री," नकाशेवाला उठून उभा राहिला. "बरं झालं आलात, तुम्हीच समजवा यांना. ताईंनी स्वतःची खुर्ची मला दिली. म्हणाल्या, तुमच्या खुर्चीचे हात मला बरे पडतात. मी दोनदा परत करून पाहिली, ऐकतच नाहीत. गादीसकट दिली."

मिस्त्रीची नजर त्या ठिगळावरच होती.

"कमाल आहे बुवा यांची. तुम्ही काम करून गेलात ना, दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर या एकट्याच, हातात कप, एकेका खुर्चीवर बसतायत. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. म्हटलं ताई, एवढा चहा? म्हणाल्या, घरची पद्धत आहे."

मोठ्या बाईंनी आतून हाक मारली तसा नकाशेवाला कागद उचलून गेला. टेबलाशी दोघंच उरली.

तिच्या पाठीमागे फळ्यांची भिंत होती. मिस्त्रीला आता ती नीट दिसली. भिंतीलगतच्या प्रत्येक खुर्चीच्या मागे फळ्यांवर एकेक पुसट खडूची रेघ होती आणि प्रत्येक खुर्चीची पाठ आपापल्या रेघेला धरून होती. तिच्या मागची रेघ तेवढी वर राहिली होती. खुर्चीची पाठ रेघेखाली चांगली वीतभर उतरली होती.

थर्मास घेऊन ती कुणासाठी जात होती, हे त्याला त्या रेघांनी सांगितलं.

"खराब निघालं वाटतं हे एखादं," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "माल कधी कधी..."

तिने खटका ओढला, खुर्ची वर आली, आणि तिने हातातला कागद तपासायला घेतला. खुर्ची पुन्हा खाली जायला लागली. डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकी हळू. आठवडाभर ती दिवसातून कितीदा तो खटका ओढत असेल, याचा हिशेब मिस्त्रीने केला नाही. संध्याकाळी जमिनीला टेकलेली तिची पाठ त्याला आठवली.

"ऊठ जरा," तो म्हणाला.

ती उठली. त्याने खुर्ची उलटी केली. हातोडा मारायची गरज पडली नाही, आठवड्याभरात ते फारसं रुतलंही नव्हतं, तिचं वजनच केवढं. बैठकीत अडकलेलं त्याने पान्याने पिळून काढलं, नवं पुसलं, बसवलं आणि खुर्ची सरळ केली. खराब हायड्रॉलिक टेबलाच्या पायाशी आडवं पडलं होतं, दिसायला अगदी नव्यासारखं.

"बोलली का नाहीस?"

"कुणाजवळ?" ती हळू म्हणाली. "त्यांना सांगते तर तुमचं नाव जातं."

"मला सांगायचं."

"तुम्हाला माहीत नव्हतं का?"

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. मिस्त्री गुडघ्यावर बसूनच राहिला. उठून उभं राहायला त्याला काही कारण सापडेना.

"तुम्ही याल असं वाटत होतं," ती म्हणाली. "रोज वाटत होतं. आज येतील, मग वाटायचं उद्या येतील."

तिने टेबलाचा खण उघडला आणि आतून काहीतरी काढून त्याच्यासमोर धरलं. वीतभर सुतळी होती, गाठीच्या जागी अजून वेडीवाकडी. त्या संध्याकाळी शर्ट भिजत घालायच्या आधी तिने खिसे रिकामे केले असणार. ती नेहमीच करायची.

"बांधा त्याला," ती म्हणाली. "नाहीतर पुन्हा मिसळेल."

मिस्त्रीने सुतळी घेतली. जन्मभर पाने फिरवलेली बोटं, पण गाठ काही बसेना. दोनदा सुटली. तिने मदत केली नाही. तिसऱ्यांदा त्याने दातात धरून आवळली.

तोवर तिने खुर्ची फळ्यांच्या भिंतीला लावली होती आणि जुनी रेघ तळव्याने पुसून टाकली होती. ती बसली. पिशवीतून थर्मास काढून तिने कपात चहा ओतला, मग खणातला खडूचा तुकडा त्याच्या हातात दिला.

"रेघ तुम्ही मारा."

त्याने पाठीच्या कडेला लावून रेघ मारली. ती जरा तिरपी आली. नकाशेवाला कागद घेऊन परत येत होता, त्याने लांबूनच दोघांना पाहिलं आणि हसून विचारलं, "काय, पुन्हा परीक्षा?"

"हो," मिस्त्रीच्या बायकोने सांगितलं, आणि या खेपेला तिचा हात तोंडावर गेला नाही. "बसा तुम्ही. आमचं व्हायचंय अजून."

ती चहा पिऊ लागली. इतका सावकाश चहा तिने स्वयंपाकघरातही कधी घेतला नव्हता. मिस्त्री खडू हातात धरून तिच्या शेजारी उभा राहिला, रेघेवर नजर ठेवून.